सहलीचा शनिवार

संक्रांत झाली की पहिल्या शनिवारी आमच्या शाळेची सहल निघायची, आणि तिची नोटीस लिहायचं काम माझ्याकडे असायचं. मी भूगोलाची बाई. फळ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहायचे: 'एकदिवसीय शैक्षणिक सहल. ज्वालामुखीचा डोंगर, जलाशयातील बेटे व पोर्तुगीजकालीन शहर.' वाचणाऱ्याला वाटावं, बोर्डीची पोरं विमानात बसून कुठल्या कुठे चालली आहेत. प्रत्यक्षात ज्वालामुखी म्हणजे विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळामागचा सुळका, बेटं म्हणजे दुधनीला धरणाच्या पाण्यात उरलेले डोंगरमाथे, आणि शहर म्हणजे दमण. दमणला जातो म्हटलं की आमच्याकडची माणसं एकमेकांकडे बघून हसतात. ती तिथे स्वस्त दारूसाठी जातात हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. म्हणून 'पोर्तुगीजकालीन शहर'. पालक मुकाट्याने सही करायचे.

ज्वालामुखीचं मात्र शुद्ध खोटं होतं. आमचा काळा दगड लाव्ह्याचा आहे हे खरं, पण तो लाव्हा भेगांतून पसरत गेलेला. त्या सुळक्याच्या तोंडातून कधी धूर आल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. हे मी मुलांना पायथ्याशी उभं करून सांगायचे आणि सगळ्यांचे चेहरे पडायचे. वर्षातून एकदा मी खोटं लिहायचे आणि त्याच दिवशी दुरुस्त करायचे. उरलेलं वर्ष मी दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्यात घालवत असे. माझा तो स्वभावच आहे. त्याने मला मान मिळाला, माणसं फारशी मिळाली नाहीत.

घरात मी आणि आई, दोघीच. मी लग्न केलं नाही. वडील लवकर गेले, ताईचं लग्न दमणला एका गुजराती बोलणाऱ्या घरात झालं, आणि आईजवळ कोणीतरी राहायला हवं होतं. ते कोणीतरी मी झाले. चिकूची आठ-दहा झाडं, मागे विहीर, आणि शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळलेली आई. रोज मी शाळेत असताना शेजारची बाई तास-दोन तासांनी डोकावून जायची. पण सहलीच्या दिवशी मी पहाटे पाचला निघून रात्रीच परतणार, म्हणून आदल्या संध्याकाळी ताई दमणहून यायची. वर्षातला तो एक दिवस ताईचा आणि आईचा. मी घरी आले की दोघी कसल्यातरी गोष्टीवरून हसत असायच्या आणि मला बघून गप्प व्हायच्या. मला वाटायचं, माझ्याबद्दलच बोलत असतील.

एक गोष्ट इथेच सांगते. नोकरी लागावी म्हणून तरुणपणी मी मारुतीचे शनिवार धरले होते. नोकरी लागली, शनिवार सुटले नाहीत. माझ्या घरात शनिवारी मासळी शिजत नसे. आई अस्सल किनाऱ्यावरची, तिला सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी मिळाली की दुसरं काही नको. पण शनिवारी तीही वरणभात जेवायची. तिने कधी तक्रार केली नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

२०१४ साली सहलीच्या दिवशी आई गेली.

त्या काळी माझ्याकडे छोटा फोन होता. बॅटरी टिकावी म्हणून सहलीत मी तो बंद ठेवायचे आणि दमणला पोचलो की शाळेत कळवण्यापुरता सुरू करायचे. दुपारी एकच्या सुमारास आई गेली तेव्हा मी दुधनीला होडीत बसून मुलांना सांगत होते की ही खरी बेटं नव्हेत, धरण झालं तेव्हा खालची गावं बुडाली आणि डोंगरांचे माथे तेवढे वर राहिले. साडेतीनला मोटी दमणच्या किल्ल्याशी बस उभी राहिली. मी फोन सुरू केला आणि तो हातातच वाजला. ताईचा मुलगा होता. "मावशी, आजी गेली," म्हणाला.

माझ्याबरोबर अठ्ठेचाळीस मुलं होती आणि पीटीचे सर. सर म्हणाले, "बाई, तुम्ही रिक्षा करून पुढे व्हा, मी आणतो मुलांना." मी गेले नाही. सहलीची प्रमुख मी होते, सह्या माझ्या नावावर होत्या, मुलींची जबाबदारी माझी होती. ही कारणं मी स्वतःला बसमध्ये एकेक करून सांगितली आणि ती सगळी बरोबर होती. शेवटची मुलगी तिच्या बापाच्या हाती देऊन मी घरी पोचले तेव्हा सूर्य बुडाला होता आणि आईला नेलेलं होतं. अग्नी भाच्याने दिला.

घरात उदबत्तीचा आणि फिनाईलचा वास कोंदला होता. ओट्यावर लिंबाची पिळलेली सालं पडली होती, आणि आईची कालवणाची तपेली घासून दारात पालथी घातलेली होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही, मग लिंबं कशाला, असं एकदा मनात आलं आणि गेलं. ताई मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसली होती. तिने मला जवळ घेतलं नाही. म्हणाली, "ती शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. आणि तू बेटं बघत होतीस."

तेराव्यानंतर ती दमणला गेली, ती परत आली नाही. भाच्याचा दिवाळीला फोन यायचा. "आई बरी आहे," तो म्हणायचा. "बरं," मी म्हणायचे. ती फोन मागायची नाही आणि मीही दे म्हणायचे नाही. एकाच आईच्या आम्ही दोघी, मग हट्टही एकाच मापाचा.

मी मनाशी एक हिशेब केला होता: ती मोठी आहे. बोलली ती, टोचली ती, तर पहिल्यांदा तिनेच यायला हवं. आणि यायला दिवस ठरलेला होताच. पौषात आईची तिथी आली की मी रजा काढायचे. गुरुजी यायचे, खीर व्हायची, वडे व्हायचे, कावळ्याचं पान जायचं. ताईचंही पान मी मांडायचे. दुपारी दोनपर्यंत दार उघडं ठेवायचे. मग तीनपर्यंत. संध्याकाळी तिच्या पानावरचा भात मीच गार झालेला खायचे, आणि ताट घासताना मला रडू यायचं. हे असं चार वर्षं. एकटेपणाची सवय होते असं म्हणतात, पण मला झाली नाही. मी फक्त रेडिओ जरा मोठ्याने लावायला शिकले.

आणि दर वर्षी सहल निघायचीच. दुसऱ्या कोणाला द्या म्हणून मुख्याध्यापकांना सांगता आलं असतं, पण मी सांगितलं नाही. सकाळी सुळका, दुपारी बेटं, चौथ्या प्रहरी दमण. मोटी दमणच्या तटावर चढलं की खाली खाडी दिसते, मच्छीमारांच्या होड्या दिसतात आणि पलीकडे नानी दमण. मुलांना मी सांगायचे, ही तीच दमणगंगा, दुपारी जिच्या पाण्यात आपण बेटं पाहिली. आणि सांगता सांगता पलीकडच्या इमारतींच्या रांगेत निळ्या टाकीची इमारत शोधायचे. ताईची ती इमारत. पूल ओलांडून पायी पाव तास. पीटीचे सर दर वर्षी माझ्याशेजारी येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "बाई, जाऊन या. तीन बाजूंना भिंत आहे, चौथ्या बाजूला मी आहे. मुलं कुठे जातात?" मी घड्याळाकडे बघायचे. "उशीर होईल," म्हणायचे, आणि शिट्टी वाजवून मुलं मोजायला लागायचे.

२०१९ची सहल माझी शेवटची. जूनमध्ये मी निवृत्त होणार होते. त्यानंतर दमणला जायला मला कारण उरणार नव्हतं, आणि कारणाशिवाय मी जाणार नाही हे मला पुरतं माहीत होतं. डिसेंबरपासूनच मी मनाशी घोकत होते: या खेपेला पूल ओलांडायचा. शेवटची संधी. घोकलं, पण विश्वास नव्हता. भाच्याला कळवलंही नाही. न गेले तर निदान कोणाला ठाऊक तरी नको.

सकाळी विवळवेढ्याला देवळात दर्शन झालं. मग मी मुलांना सुळका दाखवला, ज्वालामुखीची दुरुस्ती केली, चेहरे पाडले. एका मुलीने विचारलं, "बाई, मग देवी वर असायची ना? खाली कशी आली?" मी आमच्याकडे सांगतात ती गोष्ट सांगितली. एक पोटुशी बाई दर वर्षी डोंगर चढून देवीला यायची. एकदा तिला चढवेना, वाटेतच भोवळ आली. देवी म्हणाली, तू नको येऊस, मीच खाली येते. म्हणून खाली देऊळ. ती मुलगी जरा विचार करून म्हणाली, "देवी एवढी मोठी असून?" "मोठ्यांनीच यायचं असतं," मी म्हटलं, आणि मला फार बरं वाटलं. देवीसुद्धा माझ्याच बाजूने होती. पुढे तलासरीपर्यंत मी त्याच तोऱ्यात होते.

दुधनीला तो तोरा उतरला. पाणी त्या वर्षी जरा कमी होतं. होडीवाल्याने एका बेटाच्या अगदी कडेने होडी नेली. वर दोन-चार झाडं, बाकी काही नाही. मुलांनी हाका मारल्या. बेटावरून काय उत्तर येणार? दुपारचा एक वाजला होता. पाच वर्षांपूर्वी याच वेळी, इथेच बसून, मी बुडालेल्या गावांबद्दल बोलत होते. या खेपेला मी गावांचं राहू दिलं आणि मुलांना डबे उघडायला सांगितले. ती आपापलं खायला लागली. बाई गप्प आहेत याचा त्यांना आनंदच झाला असावा.

साडेतीनला दमण. सर शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी शिट्टी गळ्यातून काढून त्यांच्या हातात दिली.

"चाळीस मिनिटं," मी म्हटलं.

"पन्नास घ्या," ते म्हणाले.

पूल मी जवळजवळ पळतच ओलांडला. गल्लीच्या तोंडाशी मात्र पाय थांबले. काय म्हणायचं ते ठरलेलंच नव्हतं. 'सहज आले होते' म्हणावं, तर पाच वर्षांनी कोणी सहज येत नाही. निळ्या टाकीच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. दुसरा मजला. दार नुसतं लोटलेलं होतं. मी कडी वाजवली.

आतून आवाज आला, "दार उघडंच आहे. आत ये. मला उठायला वेळ लागतो."

ताई जमिनीवर नव्हे, खुर्चीत बसली होती. जाड झाली होती. शेजारी चार पायांची ॲल्युमिनियमची काठी. घरात दुसरं कोणी नव्हतं. मुलगा-सून वापीला कामावर असणार. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पाच वर्षांत काही झालंच नाही अशा सुरात म्हणाली, "आलीस गो बाय? बेस." घरात मला सगळे बाय म्हणायचे. आई गेल्यापासून त्या नावाने मला कोणी हाक मारली नव्हती.

मी बसले नाही. कारण समोर टेबलावर तीन ताटं मांडलेली होती. तीन, आणि घरात ती एकटी.

"कोणी यायचंय?" मी विचारलं.

"तूच," ती म्हणाली. "दर सालीच मांडते. एक आईचं, एक माझं, एक तुझं. हे पाचवं साल."

"आज? तिथी तर अजून चार दिवसांनी आहे."

"तिथी-बिथी मला कुठे समजते? संक्रांतीनंतरचा शनिवार. तुझी सहल." तिने गॅलरीकडे बोट केलं. "तिथून किल्ल्याची भिंत दिसते. पोरं भिंतीवर चढली की मी समजते, तुमची बस आली. मग भाकऱ्या टाकते. मग पोरं उतरतात. मग मी एकटीच जेवते."

मी गॅलरीत गेले. खाडीपलीकडे तट दिसत होता आणि तटावर मुंगीएवढी आमची मुलं. मी जिथे उभी राहून दर वर्षी घड्याळ बघायचे ती जागासुद्धा दिसत होती. ती तिच्या दिवशी माझं पान मांडून बसत होती आणि मी माझ्या दिवशी तिचं. दिवस तेवढे वेगळे.

"मी तिथीला वाट बघायचे," मी म्हटलं. "तुला यायला काय झालं होतं?"

ताईने साडी जरा वर करून गुडघा दाखवला. सुजून नारळाएवढा झाला होता. "तीन वर्षं जिना उतरले नाही. दोघे मिळून खुर्चीत घालून दवाखान्यात नेतात. मीच पोराला सांगितलेलं, मावशीला बोलू नको. कीव करून आलेली नको होती मला." मग म्हणाली, "पहिली दोन सालं मात्र येता आलं असतं. नाही आले. भीती वाटायची."

"माझी?"

"मग कोणाची? हात धू आणि बेस. थंड होतंय."

हात धुऊन मी ताटावर बसले आणि वास आला. वाटीत सुक्या बोंबलाचं कालवण होतं, वांगं घातलेलं. शेजारी तांदळाची भाकरी. माझा हात तसाच मांडीवर राहिला.

"शनिवार आहे, मला माहीत आहे," ताई म्हणाली. "आईलापण माहीत होतं. तू सहलीला गेलीस की आम्ही दोघी हेच खायचो. दर साली. मी दमणहून बोंबील घेऊन यायचे, पिशवीत खाली लपवून. तू येण्याच्या आत सगळं घासून-पुसून ठेवायचं. त्याचंच आम्हाला हसू यायचं."

मला ते हसू आठवलं. मी दारात आल्यावर थांबणारं.

"त्या दिवशीपण हेच केलेलं," ती पुढे म्हणाली. आता तिचा आवाज बारीक झाला होता. "दोन घास खाल्ले. छान झालंय म्हणाली. मग म्हणाली, बायची वाटी काढून ठेव. मी म्हटलं, अगो आज शनिवार, ती कुठे खाते? तर म्हणाली, ठेव. कधीतरी खाईल. मी वाटी काढायला आत गेले, बाहेर आले तर मान कललेली. दाराकडे." ताईने पदराने तोंड पुसलं. "मला वाटलं, तू आलीस की वास ओळखशील. म्हणशील, शनिवारी मासळी चारलीस आणि आईला घालवलीस. तू बोलली असतीस, बाय. तू सोडत नाहीस कोणाला. लोक जमले होते आणि मी ओटा लिंबाने घासत बसले होते. तुझी वाटी चिकूच्या बुडाशी पुरली. आणि तू दारात आलीस तेव्हा तू काही बोलायच्या आधी मीच बोलले. घातलं तुझ्यावर."

मी त्या दिवशी काय बोलले असते? प्रामाणिकपणे सांगायचं तर तिची भीती खोटी नव्हती. मी तेच बोलले असते, नेमक्या त्याच शब्दांत. आईने किती शनिवार माझ्यासमोर वरणभात गिळला असेल, ते मला तेव्हा कळलं. घरात मारुतीचा नव्हे, माझाच धाक होता.

मी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि खाल्ला. शनिवारी मासळी, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. तिखट होतं, मीठ जरा जास्त होतं. मी वाटी पुसून खाल्ली. ताई जेवली नाही, माझ्याकडे बघत बसली. शेवटी म्हणाली, "अजून देऊ?"

"दे," मी म्हटलं.

पन्नास मिनिटं केव्हाच उलटली होती. परत पूल ओलांडून आले तेव्हा मुलं बसमध्ये बसली होती आणि सरांनी मोजून ठेवली होती. त्यांनी शिट्टी परत दिली. बस उंबरगावच्या रस्त्याला लागली. सकाळची ती मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली आणि थोड्या वेळाने नाक वर करून हुंगायला लागली.

"बाई, तुमच्या हाताला बोंबलाचा वास येतोय."

"हो, जेवले मी."

तिने बोटांवर वार मोजून पाहिला. शनिवारी डब्यात मासे आणणाऱ्या मुलांना मी काय बोलते ते तिने वर्गात ऐकलेलं होतं.

"पण बाई, आज शनिवार ना?"

"हो," मी म्हटलं. "आज शनिवार."